लहान देशाचा पहिला उपग्रह: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

भूतान, नेपाळ, मॉरिशस, युगांडा अशा देशांनी गेल्या काही वर्षांत आपले पहिले उपग्रह अंतराळात पाठवले. त्याविषयीच्या टिपणावर वाचकांकडून बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक प्रश्न आणि या कामाची जवळून माहिती असलेल्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

भूतानचा पहिला उपग्रह तळहातावर मावेल एवढा होता असे वाचले. एवढ्याशा डब्याला उपग्रह म्हणायचे का?

जरूर म्हणायचे. ‘भूतान-१’ हा १० सेंटिमीटर बाजूचा, साधारण किलोभर वजनाचा घन होता. २९ जून २०१८ रोजी फाल्कन-९ रॉकेटवरच्या मालवाहू ड्रॅगन यानातून तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाला आणि १० ऑगस्टला स्थानकाच्या ‘किबो’ या जपानी विभागातून बाहेर सोडला गेला. फिलिपाइन्सचा ‘माया-१’ आणि मलेशियाचा ‘युआयटीएमसॅट-१’ त्याच्या सोबत होते. तिन्ही उपग्रह जपानच्या क्युशू तंत्रज्ञान संस्थेत ‘बर्ड्‌स’ प्रकल्पात तयार झाले. त्याआधीच्या तुकडीत, म्हणजे २०१७ साली, घाना, मंगोलिया आणि बांगलादेश यांचे पहिले उपग्रह गेले. २०१९ मध्ये नेपाळचा आणि २०२२ मध्ये युगांडा व झिम्बाब्वे यांचा पहिला उपग्रह याच वाटेने गेला.

या आकाराला क्यूबसॅट म्हणतात. कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक आणि स्टॅनफर्ड इथल्या दोन प्राध्यापकांनी १९९९ साली हे माप ठरवले. एक घटक, म्हणजे ‘१यू’, १० × १० × ११.३५ सेंटिमीटरचा असतो. वजनाची मर्यादा आधी १ किलो होती, मग १.३३ किलो झाली आणि आता २ किलो आहे. माप ठरलेले असल्याने सोडणारी पेटीही ठरलेली आहे, आणि रॉकेटवाल्याला आतल्या उपग्रहाची फारशी काळजी करावी लागत नाही. लहान देशांना दार उघडले ते या पेटीमुळे.

त्यातून मिळणारी छायाचित्रे नकाशे करण्याजोगी नसतात, हे आधीच सांगायला हवे. एवढ्या भिंगातून जमिनीवरचे डोंगर, मोठी सरोवरे, ढग दिसतात. शेताचे बांध दिसत नाहीत. नकाशांसाठी उपग्रह हवा असेल तर तयार चित्रे विकत घेणे कितीतरी स्वस्त पडते. पहिला उपग्रह माणसे घडवण्यासाठी असतो, आणि तो तसाच आखावा.

स्वतःचे रॉकेट नसलेल्या देशाने नेमके कोणाकडे जायचे?

मुख्य वाटा दोन. पहिली अंतराळ स्थानकावरून. उपग्रह फोमच्या वेष्टनात मालासारखा वर जातो, तिथे अंतराळवीर उपग्रह सोडणारी पेटी हवाबंद कक्षातून बाहेर काढतात आणि रोबोटिक हाताने ती धरून उपग्रह ढकलला जातो. फोममुळे उड्डाणाचे हादरे बरेच कमी बसतात. संयुक्त राष्ट्रांचे बाह्य अवकाश कार्यालय आणि जपानची अंतराळ संस्था जाक्सा यांची ‘किबोक्यूब’ नावाची योजना आहे, तीत निवड झाली तर सोडण्याचा खर्च पडत नाही. उपग्रह मात्र स्वतः बांधायचा असतो. केनिया (२०१८), ग्वाटेमाला (२०२०), मॉरिशस (२०२१) आणि मोल्दोव्हा (२०२२) यांचे उपग्रह असेच गेले.

दुसरी वाट म्हणजे मोठ्या उपग्रहाबरोबर रॉकेटवर उरलेल्या जागेत बसणे. एस्टोनियाचा ‘एस्टक्यूब-१’ ७ मे २०१३ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून व्हेगा रॉकेटने गेला. लॅटव्हियाचा ‘व्हेंटा-१’ आणि स्लोव्हाकियाचा ‘एसकेक्यूब’ हे दोघे २३ जून २०१७ च्या पीएसएलव्ही-सी३८ उड्डाणात होते.

वाट निवडताना बहुतेक जण खर्च बघतात. आधी नकाशा बघावा. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे तिथून सोडलेला उपग्रह ५१.६ अंशांच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला कधीच डोक्यावरून जात नाही. एस्टोनियातले तार्तू ५८ अंशांच्या थोडे पुढे आहे. तिथून असा उपग्रह दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर येईल आणि त्याच्या कॅमेऱ्याखाली स्वतःचा देश सरळ कधीच येणार नाही. अशा देशाला ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणारी कक्षाच हवी. भूतान, घाना, मॉरिशस यांना ही अडचण नाही.

दुसरा फरक आयुष्याचा. साधारण ४०० किलोमीटरवरून सोडलेला १यू उपग्रह वर्ष-दोन वर्षांत हवेच्या विरळ थरांशी घासत खाली येऊन जळतो. सूर्य जास्त सक्रिय असेल तर वातावरण फुगते आणि तो त्याहून लवकर येतो.

डब्याच्या आत काय काय असते?

चौकट ॲल्युमिनियमची, बहुधा ६०६१ किंवा ७०७५ मिश्रधातूची. तिच्या चार कडा पेटीच्या रुळांवर घसरतात, म्हणून त्यांवर कठीण ॲनोडायझिंग (ऑक्साइडचा टणक थर चढवणे) करावेच लागते. उघडा धातू उघड्या धातूवर निर्वातात दाबला गेला तर चिकटून बसू शकतो, आणि मग उपग्रह पेटीतून निघत नाही. आत एकावर एक सर्किट बोर्ड असतात: वीज सांभाळणारा, मुख्य संगणकाचा, रेडिओचा आणि प्रयोगाचा. शिवाय बॅटरी, पाच बाजूंना सौर सेल, उघडणारा अँटेना, एखादा छोटा कॅमेरा.

दिशा राखण्यासाठी पहिल्या उपग्रहात विजेच्या मोटारीने फिरणारी चाके घालू नयेत. एक कायमचा चुंबक आणि डोलणे शमवणाऱ्या मऊ लोखंडी मिश्रधातूच्या पट्ट्या पुरतात. त्यांना वीज लागत नाही आणि त्यांत बिघडण्यासारखे काही नसते. मात्र चुंबक बसवताना गोलार्ध लक्षात घ्यावा. उत्तर गोलार्धात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीच्या दिशेने वळलेले असते, म्हणून चुंबकाचे उत्तर टोक खाली बघते. देश उत्तर गोलार्धात असेल तर कॅमेरा त्याच टोकाच्या बाजूला बसवायचा. उलटा बसला तर आपल्या देशावरून जाताना कॅमेरा आकाशाकडे बघत राहतो आणि दक्षिण गोलार्धाची मात्र उत्तम चित्रे येतात.

जीपीएस रिसीव्हर घ्यायचा असेल तर बाजारातला साधा चालत नाही. निर्यातनियमांमुळे साधे रिसीव्हर साधारण १८ किलोमीटर उंची आणि सेकंदाला ५१५ मीटर वेग ओलांडला की बंद पडतात. उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर असतो. मर्यादा काढलेला रिसीव्हर मागवावा लागतो आणि त्यासाठी तो कशासाठी वापरणार याचे सरकारी पत्र लागते. हे पत्र मिळायला होणारा उशीर वेळापत्रकात आधीच धरावा.

एवढ्या लहान सौर सेलांवर रेडिओ, कॅमेरा, संगणक सगळे कसे चालते?

सगळे एकदम चालत नाही, आणि पहिल्यांदा उपग्रह बांधणाऱ्या संघाला सर्वांत जास्त डोकेदुखी इथेच होते. आकडे मांडूनच बघू.

एका बाजूवर साधारण ३० चौरस सेंटिमीटरचे दोन सेल बसतात. चांगल्या त्रिस्तरीय सेलाची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ऊन सरळ पडले तर एका सेलातून १ वॅटच्या थोडी वर वीज. उपग्रह गडगडत असतो, सेल तापतात, रूपांतरात थोडी वीज जाते. हे सगळे धरून उन्हात सरासरी २ वॅट मिळतील असे मानावे. एक फेरी सुमारे ९२ मिनिटांची आणि त्यातली ३६ मिनिटे पृथ्वीच्या सावलीत. फेरीभराची सरासरी येते १.२ वॅट; बॅटरीत भरताना-काढताना काही गळते आणि हाती उरतो १.१ वॅट.

आता खर्च. संगणक आणि वीज-बोर्ड ०.४ वॅट, सतत कान उघडे ठेवणारा रिसीव्हर ०.२ वॅट. प्रक्षेपक, म्हणजे रेडिओचा संदेश पाठवणारा भाग, चालू असताना ३ ते ४ वॅट ओढतो. ‘मी जिवंत आहे’ असे सांगणारा बीकन दहातला एक भाग वेळ चालू ठेवला तर सरासरी ०.३ वॅट. झाले ०.९. शिल्लक फक्त ०.२ वॅट, दिवसाला पाच वॅट-ताससुद्धा नाही. एका संपर्कात आठ मिनिटे चित्रे खाली पाठवायला अर्धा वॅट-तास जातो. म्हणजे दिवसातून चार-पाच संपर्क आरामात निभतात. पण बीकन सतत चालू ठेवला तर चार-पाच तासांत बॅटरी रिकामी होते.

बॅटरीची क्षमता भरपूर दिसते. निकेल-मेटल हायड्राइडचे एए आकाराचे सहा सेल घेतले तर १३ वॅट-तासांच्या वर. पण दिवसाला पंधरा-सोळा वेळा सावली येते, वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक वेळा भरणे-रिकामे होणे. म्हणून दर वेळी वीस टक्क्यांपेक्षा जास्त खाली उतरू देऊ नये. बर्ड्‌स उपग्रहांनी लिथियमऐवजी निकेलचे सेल घेतले, आणि पहिल्या उपग्रहासाठी ती निवड आम्हाला योग्य वाटते: वजन वाढते, पण माणसे राहतात त्या स्थानकावर नेताना सुरक्षिततेचा कागदोपत्री भार बराच कमी होतो.

प्रोग्राममध्ये एक नियम सुरुवातीलाच पक्का घालावा: बॅटरीचा दाब (व्होल्टेज) ठरावीक पातळीखाली गेला की रिसीव्हर आणि विरळ बीकन सोडून सगळे बंद, आणि पुरेशी भरल्याशिवाय काहीही आपोआप चालू होणार नाही. बंद होण्याची आणि पुन्हा चालू होण्याची पातळी यांत अंतर ठेवावे, नाहीतर उपग्रह चालू-बंद होण्याच्या चक्रात अडकतो.

सोडल्यानंतर उपग्रह अर्धा तास गप्प बसतो म्हणे. का?

सुरक्षिततेसाठी. शेजारी स्थानक आहे, त्यात माणसे आहेत. सोडल्यावर ३० मिनिटे अँटेना उघडायचा नाही आणि रेडिओ बोलायचा नाही, असा नियम आहे. पेटीत असताना कडांवरची बटणे दाबलेली राहतात आणि बॅटरीचा मार्ग एकाहून अधिक ठिकाणी तोडलेला असतो, म्हणजे एखादे बटण बिघडले तरी उपग्रह आत जागा होऊ नये. बाहेर पडताच बटणे सुटतात आणि घड्याळ सुरू होते.

यातली चूक ठरलेली आहे. मधेच संगणक पुन्हा सुरू झाला तर घड्याळ शून्यावर जाते, आणि तसे वारंवार झाले तर तीस मिनिटे कधी पूर्णच होत नाहीत. मोजलेली मिनिटे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत लिहावीत.

अँटेना उघडला नाही तर सगळे संपले का?

जवळजवळ. पहिल्या दिवशी गप्प राहिलेल्या उपग्रहाच्या बाबतीत पहिला संशय अँटेना आणि वीज या दोघांवरच जातो.

अँटेना म्हणजे बहुधा स्टीलच्या मोजपट्टीसारखी लवचिक पात. ४३७ मेगाहर्ट्झसाठी एक भुजा साधारण १७ सेंटिमीटर. ती गुंडाळून नायलॉन किंवा तशाच बळकट दोऱ्याने बांधतात. दोऱ्याला टेकून नायक्रोमची बारीक तार असते, तिच्यातून काही सेकंद वीज सोडली की दोरा वितळून तुटतो. दिसायला सोपे, पण फसण्याच्या जागा चार. थंडीत बॅटरीचा दाब उतरतो, तारेला प्रवाह कमी मिळतो आणि दोरा नुसता मऊ होतो. टेबलावर हवेत केलेली चाचणी निर्वाताला लागू पडत नाही. निर्वातात हवा उष्णता वाहून नेत नाही म्हणून तार जास्त तापते, कधी दोऱ्याआधी स्वतःच तुटते. दोरा तारेपासून अर्धा मिलिमीटर सरकला तरी तुटत नाही. आणि महिनोन्महिने गुंडाळून ठेवलेली पात तिचा ताठपणा थोडा गमावते.

म्हणून चाचणी निर्वात कक्षात, उणे वीस अंशांच्या आसपास, कमीत कमी बॅटरी दाबावर घ्यावी आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक दोऱ्याला दोन तारा, दोन वेगळ्या स्विचांवर. पहिला प्रयत्न फसला तर काही तासांनी, बॅटरी भरल्यावर, पुन्हा आपोआप प्रयत्न. उघडला की नाही हे सांगणारे छोटे बटण असेल तर उत्तम, पण त्याच्या ‘उघडला’ या उत्तरावर विसंबून पुढचे प्रयत्न थांबवू नयेत.

फसले तरी संदेश थोडा गळतो. गुंडाळलेल्या अँटेनातूनही क्षीण लहर बाहेर पडते, आणि मोठ्या तबकडीने ती ऐकू येऊ शकते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मोठा अँटेना असलेल्या एखाद्या संस्थेशी आधीच बोलून ठेवावे.

डोंगराळ देशात भूस्थानक कुठे उभारावे? खर्चिक असते का?

गच्चीवर चार-पाच मीटरचा खांब, त्यावर आडव्या-उभ्या दांड्यांचा क्रॉस यागी अँटेना, दोन्ही दिशांना फिरवणारी मोटार, रेडिओ आणि एक संगणक: एवढ्यात स्थानक होते. उपग्रहाच्या तुलनेत खर्च कमीच. तरीही हे काम शेवटी ढकलले जाते आणि उपग्रह वर गेल्यावर घाईत उरकले जाते. ते उपग्रहाच्या आधी करावे आणि आकाशात आधीच फिरत असलेल्या इतर क्यूबसॅटांवर सहा महिने सराव करावा.

जागेचे गणित असे. ४०० किलोमीटरवरचा उपग्रह अगदी डोक्यावरून गेला तर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत सुमारे १० मिनिटे दिसतो. चारी बाजूंच्या डोंगरांनी १० अंशांपर्यंत आकाश झाकले असेल तर ६ मिनिटे उरतात, २० अंशांपर्यंत झाकले असेल तर फक्त ४. शिवाय बाजूने जाणाऱ्या फेऱ्या, ज्या बहुसंख्य असतात, त्या डोंगरामागेच राहतात. थिंफूसारखे शहर दरीत आहे. अशा ठिकाणी मंत्रालयाची गच्ची सोयीची असली तरी रेडिओला ती विहीर वाटते. खिंडीवर किंवा उघड्या पठारावर, जिथे वीज आणि इंटरनेट पोचते अशी जागा शोधावी.

४,८०० बिट प्रति सेकंद वेगाने आठ मिनिटांत जास्तीत जास्त २८८ किलोबाइट खाली येतात, आणि माहितीचे तुटलेले पुडे पुन्हा मागवण्यात बराच वेळ जातो. मिनिटे अशी वाया घालवणे परवडत नाही.

क्षीण संदेश वाढवणारा प्रवर्धक खांबावरच, अँटेनाच्या अगदी जवळ लावावा. तो खाली खोलीत ठेवला तर वीस-तीस मीटर केबलच अर्धा संदेश खाते आणि मग प्रवर्धक संदेशाबरोबर गोंगाटही वाढवतो. जोडांवर पाणी शिरू नये म्हणून रबरी स्वयंचिकट पट्टी गुंडाळावी; पावसाळ्यानंतर स्थानक बहिरे झाल्याची तक्रार बहुतेक वेळा तिथून येते. आणखी एक: उपग्रह जवळ येताना त्याची फ्रिक्वेन्सी वर सरकते, दूर जाताना खाली. ४३७ मेगाहर्ट्झला हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे १० किलोहर्ट्झ असतो. संगणकाने रेडिओ सतत जुळवत ठेवला नाही तर संदेश हातातून निसटतो.

एकाच वेळी तीन-चार उपग्रह सोडले, तर त्यातला आपला कोणता हे कसे कळते?

पहिले काही दिवस कळतच नाही. अमेरिकी लष्कराची रडारे नवे ठिपके टिपून कक्षेचे आकडे प्रसिद्ध करतात, पण कोणता ठिपका कोणाचा हे त्यांनाही ठाऊक नसते. आपण आपला बीकन नोंदवायचा, फ्रिक्वेन्सी कोणत्या क्षणी मधोमध आली ते सेकंदापर्यंत टिपायचे, आणि प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यांवरून काढलेल्या वेळेशी ताडून बघायचे. एका सेकंदाचा फरक म्हणजे कक्षेत साडेसात किलोमीटर. चार-पाच फेऱ्यांत उत्तर मिळते. तोवर सर्वांनी एकमेकांना नोंदी द्याव्यात. बीकनची रचना आधीच जाहीर केली असेल तर जगभरचे हौशी रेडिओवाले मनापासून मदत करतात. आपल्या देशावरून उपग्रह जाण्याआधी दुसऱ्याच कोणी त्याचा मोर्स ऐकून कळवलेले असते.

सरकारी परवानग्या कोणत्या लागतात? देशात अंतराळ खातेच नसेल तर?

बहुतेक लहान देशांत नसतेच, आणि कागद अडतात ते त्यामुळेच. फ्रिक्वेन्सी उपग्रह बांधणाऱ्या विद्यापीठाला थेट मागता येत नाही. देशाच्या दूरसंचार नियामकाने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे आगाऊ माहिती दाखल करावी लागते. हौशी रेडिओचा पट्टा वापरायचा, म्हणजे ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ, तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाकडून समन्वयही करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी उपग्रह बांधणाऱ्या संघात परवानाधारक हौशी रेडिओचालक हवा. या पट्ट्यात धंद्याचे किंवा गुप्त लिपीतले संदेश चालत नाहीत. उपग्रहाला दिलेल्या आज्ञा तेवढ्या सांकेतिक ठेवता येतात. ज्या देशात याआधी कोणी अर्जच केला नाही तिथे कोणता अर्ज कुठल्या टेबलावर जायचा हेच माहीत नसते. म्हणून आराखडा कागदावर उतरतानाच नियामकातला एक अधिकारी संघाबरोबर बसवावा. समन्वयाचे पत्र आले नाही तर तयार उपग्रह रॉकेटवर चढवू देत नाहीत.

दुसरा भाग जबाबदारीचा. १९७२ च्या दायित्व करारानुसार ‘प्रक्षेपण करणारा देश’ या व्याख्येत प्रक्षेपण करवून घेणारा देशही येतो. जमिनीवर नुकसान झाले तर चूक कोणाची हे न बघता भरपाई द्यावी लागते. अंतराळात झाले तर चूक सिद्ध व्हावी लागते. किलोभराचा क्यूबसॅट खाली येताना जळून जातो, त्यामुळे जमिनीची भीती नाही. करार नुसता कागदावर नाही हे मात्र ध्यानात असावे: १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला, आणि १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. रॉकेट पुरवणाऱ्या देशाशी जबाबदारीची वाटणी लेखी करून घ्यावी आणि उपग्रहाची नोंद संयुक्त राष्ट्रांकडे करावी.

दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बांधला, दुसऱ्याच्या रॉकेटवर गेला, मग तो ‘आपला’ कसा?

तीन गोष्टी बघाव्यात. फ्रिक्वेन्सी आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे, आज्ञा देण्याचे संकेत कोणाकडे आहेत, आणि तो बिघडला तर दुरुस्तीचा निर्णय कोण घेते. तिन्ही उत्तरे देशातली असतील तर रॉकेट कोणाचे याने फरक पडत नाही. तयार उपग्रह विकत घेऊन झेंड्याचे चित्र चिकटवणे वेगळे, आणि आपल्या अभियंत्यांनी दोन वर्षे तिथे राहून प्रत्येक बोर्डाची सोल्डरिंग, प्रत्येक चाचणी स्वतः करणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारासाठी लागणारा पैसा आम्हाला योग्य ठिकाणी गेलेला वाटतो.

स्वतःचे छोटे रॉकेट का बनवत नाहीत?

कक्षेत टिकायला सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेग लागतो, आणि गुरुत्व व हवेवर खर्ची पडणारा भाग धरला तर रॉकेटला नऊच्या वर द्यावा लागतो. शिवाय जळालेले टप्पे पडायला मोकळा समुद्र हवा. चारी बाजूंनी जमीन असलेल्या देशाला तो नाही. दक्षिण कोरियासारख्या उद्योगसंपन्न देशाचे ‘नारो’ रॉकेटही, पहिला टप्पा रशियाकडून घेऊन, तिसऱ्या प्रयत्नात, जानेवारी २०१३ मध्ये यशस्वी झाले.

हे उपग्रह कचरा वाढवत नाहीत का?

स्थानकावरून सोडलेले नाही. साडेसहाशे-सातशे किलोमीटरवर सोडलेले मात्र दशकानुदशके वर राहतात, आणि त्या उंचीला पहिला उपग्रह पाठवू नये असेच आमचे मत आहे. पूर्वीचा संकेत काम संपल्यावर २५ वर्षांत खाली येण्याचा होता. अमेरिकेच्या संचार आयोगाने २०२२ मध्ये तो ५ वर्षांवर आणला. कचऱ्याचा फटका लहान देशांनाही बसतो. इक्वेडोरचा पहिला उपग्रह ‘पेगासो’ एप्रिल २०१३ मध्ये गेला आणि महिन्याभरातच, २३ मे रोजी, जुन्या सोव्हिएत रॉकेटटप्प्याच्या अवशेषांजवळून जाताना धक्का बसून अनियंत्रित फिरू लागला.

काही महिन्यांत उपग्रह बंद पडला तर पैसे वाया गेले म्हणायचे का?

मुख्य प्रयोग फसूनही काम साधलेले असू शकते. एस्टक्यूब-१ वरची दहा मीटरची बारीक तार उलगडलीच नाही, तरी तार्तू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो फेब्रुवारी २०१५ पर्यंत चालवला आणि एस्टोनियात या कामाची माणसे तयार झाली. ग्वाटेमालाचा ‘क्वेत्झाल-१’ सात महिन्यांच्या आसपास चालला. भूतानच्या बाबतीत दुसरी पायरी २६ नोव्हेंबर २०२२ रोजी आली: पीएसएलव्ही-सी५४ वरून गेलेला ‘आयएनएस-२बी’, भारताबरोबर केलेला, बहुवर्णी कॅमेरा आणि हौशी रेडिओचे संदेश ऐकून पुन्हा पाठवणारे यंत्र असलेला.

पैसे वाया जातात ते माणसे पांगली की. परदेशात शिकून आलेल्या अभियंत्याला परत खात्यातल्या जुन्याच टेबलावर बसवले तर दोन वर्षांत तो दुसरीकडे जातो. म्हणून पहिला उपग्रह वर जाण्याआधीच दुसऱ्याचा आराखडा आणि त्यासाठीची पदे मंजूर असावीत.

त्याबरोबर एक साधी व्यवस्था: उड्डाणाच्या उपग्रहासारखीच हुबेहूब चाचणी-प्रत भूस्थानकातल्या टेबलावर वीज लावून चालू ठेवावी. वर पाठवायची प्रत्येक नवी आज्ञा आधी तिला द्यावी, दिवसभर तिचे वागणे बघावे, नोंदवहीत वेळ आणि आज्ञा लिहावी, आणि मगच अँटेना आकाशाकडे वळवावा.